घराणे, गाव आणि गाडी

वार्षिक अंकासाठी ‘काहीतरी अभ्यासपूर्ण’ लिहून द्यावे असा आग्रह संपादक-विद्यार्थ्यांनी धरला, तेव्हा ‘संगीतातील घराणी आणि प्रादेशिकता’ असा भारदस्त विषय मी त्यांना सांगून टाकला. टिपणे काढली, चार पुस्तकांत खुणेचे कागद घातले, आणि लेख काही पुढे सरकेना. पुढे डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवासाठी मिरजेहून पुण्याला निघालो, आणि त्या सहा-सात तासांच्या प्रवासात माझी निम्मी टिपणे निकामी झाली. म्हणून हा लेख पुस्तकांवर कमी आणि गप्पांवर अधिक आधारलेला आहे. गप्पांना अभ्यासाचे साधन मानावे की नाही हे विद्यार्थ्यांनी वाचून ठरवावे. रसिक माणूस गाडीत जितके मनापासून बोलतो तितके परिसंवादात बोलत नाही, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

गाडी बंगळूरहून आलेली होती. मी चढलो तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने, लहान मूल छातीशी धरावे तसा धरलेला, गवसणीतला तंबोरा. हा माझ्या आईचा. ती जाऊन तीन वर्षे झाली. त्याआधीची पुष्कळ वर्षे तो आमच्या कपाटावर आडवा पडून होता. पुण्याची माझी भाची गाणे शिकू लागली आहे, तिने तो मागितला. तेव्हा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेऊन तारा बदलून घेतल्या, जवारी काढून घेतली. कारागिराने तंबोरा परत देताना गवसणीच्या खिशात सापडलेला घडीचा एक पिवळा कागदही माझ्या हाती दिला. त्यावर कानडी अक्षरे होती. मला कानडी वाचता येत नाही. कागद मी खिशात ठेवला आणि गाडी गाठली.

समोरच्या बाकावर धारवाडचे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. खिडकीशी, मूळच्या मडगावच्या पण बेळगावला लेकीकडे राहून तिथून चढलेल्या एक वृद्ध बाई. तासाभरात आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणू लागलो. माझ्या शेजारी कुंभकोणमचे एक अभियंता. तिघेही एकमेकांना अनोळखी, आणि तिघेही सवाईलाच निघालेले. अभियंता घरी मराठी बोलतात हे कळल्यावर मला नवल वाटले. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात गेलेल्या कुटुंबांपैकी ते एक. क्रियापदे ओळखीची, पण वाक्याचा सूर तमिळ. आणि मध्येच एखादा शब्द असा यायचा की तो मी फक्त जुन्या बखरीत वाचलेला होता.

बोलण्याला सुरुवात तंबोऱ्यावरून झाली. अभियंत्यांनी गवसणीवरून हात फिरवला आणि विचारले, ‘‘हा खालचा भाग भोपळ्याचा, नाही का? आमच्याकडे लाकडाचा असतो.’’ विद्यार्थ्यांसाठी हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण प्रादेशिक भेद म्हणजे काय ते या एका वाद्यात हाताला लागते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. खाण्याचा नव्हे, कडू. तो मुद्दाम वाढवून, सावकाश वाळवून, आतून कोरून घेतात. तंजावरकडे फणसाचे लाकूड विपुल, तेव्हा तिथला तंबुरा फणसाच्या लाकडातून कोरलेला. आमच्याकडे घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवून जवारी जमवतात, तोच दोरा तिकडेही आहे. पण त्याला ते ‘जीवा’ म्हणतात. ‘‘दोरा नीट बसला की वाद्याला जीव येतो,’’ अभियंते म्हणाले. धारवाडच्या गृहस्थांना हा शब्द इतका आवडला की त्यांनी तो दोन वेळा पुटपुटला.

मिरजेत ही वाद्ये बनविणारी शिकलगार मंडळी मुळात शस्त्रांना धार लावणारी. तलवारींचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा मिरजकरांना अभिमान आहे आणि तो मी गाडीतही बोलून दाखवला. त्यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘‘भोपळा पंढरपूरचा, गायक धारवाडचा, राग उत्तरेतला. मिरजेचं काय, तर दोरा!’’ सगळे हसले. मीही हसलो; पण माझ्या लेखाचे पहिले टिपण तिथेच गेले.

कऱ्हाड मागे पडल्यावर अभियंत्यांनी मोबाइलवर व्हायोलिनचे एक ध्वनिमुद्रण लावले. ‘‘तोडी ऐका,’’ म्हणाले. अर्धे मिनिट ऐकले असेल नसेल, मी शिक्षकी थाटात म्हणालो, ‘‘ही तोडी नव्हे, ही भैरवी.’’ मावशी तर पायांनी चपला चाचपू लागल्या. ‘‘भैरवी लागली! मैफल संपली, उठा आता.’’ अभियंते गोंधळले. त्यांच्या दृष्टीने तोडी हा मैफलीच्या मध्यावर येणारा, तास-तासभर विस्तारला जाणारा राग, आणि आम्ही उठून जायला निघालेलो!

या घोटाळ्याचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. दक्षिणेत तोडी म्हणतात ती हनुमतोडी, बहात्तर मेळांतला आठवा मेळ. तिच्यात रिषभ, गांधार, धैवत, निषाद असे चारही स्वर कोमल; म्हणजे स्वरांच्या हिशेबाने आपली भैरवी. आपली तोडी, जिच्यात मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध, तिच्या स्वरांच्या जवळ जाणारा त्यांचा राग शुभपंतुवराळी. त्यांच्याकडेही भैरवी आहेच. पण ती तिसरीच. तिच्यात रिषभ शुद्ध, आणि धैवत दोन्ही. हाच प्रकार हिंदोळाचा. त्यांच्या हिंदोळमला आपण मालकंस म्हणतो, आणि आपला हिंदोल त्यांच्यापुढे गायला तर त्यांना त्यात हिंदोळमचे नखही दिसणार नाही. काही ठिकाणी मात्र नावे वेगळी आणि माणूस तोच: आपला भूप म्हणजे त्यांचा मोहनम, आपला दुर्गा म्हणजे शुद्ध सावेरी, यमन म्हणजे कल्याणी.

मी वहीत एका बाजूला आपली नावे आणि दुसऱ्या बाजूला त्यांची, असा तक्ता करू लागलो. अभियंत्यांनी माझा हात धरला. ‘‘सर, तक्ता करू नका. आमच्या तोडीतला गांधार तुम्ही ऐकलात ना? तो उभा राहतो का कुठे?’’ पुन्हा लावले. खरेच, तो गांधार एका जागी ठरत नव्हता. रिषभाला शिवून, मध्यमाकडे डोकावून, झोके घेत होता. आपली भैरवी त्याच गांधारावर कशी विसावते! स्वर तेच, पण चाल वेगळी; सख्ख्या भावांचे चेहरे सारखे असावेत आणि चालण्याची ढब निराळी असावी तसे. तक्ता मी खोडला नाही, परंतु त्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

असा तक्ता करण्याचा मोह आपल्याकडे सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर ज्यांना झाला ते पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). पेशाने वकील. १९०४ साली ते दक्षिणेत गेले आणि गावोगाव विद्वानांना भेटत, प्रश्न विचारत, ग्रंथांच्या नकला मिळवत हिंडले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांशी त्यांची गाठ पडली. व्यंकटमखींच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’तली बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी अभ्यासली, आणि पुढे हिंदुस्थानी रागांसाठी जी दहा थाटांची मांडणी केली तिच्यामागे हा प्रवास आहे. आपल्या अभ्यासक्रमात थाटपद्धती शिकवताना आपण दहा नावे पाठ करून घेतो. ती एका वकिलाच्या रेल्वेप्रवासातून आणि अनोळखी माणसांशी केलेल्या चर्चांतून जुळून आली हे कोणी सांगत नाही. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. मुत्तुस्वामी दीक्षित (१७७५–१८३५) तरुणपणी काही वर्षे काशीला राहिले, आणि उत्तरेकडच्या गाण्याच्या खुणा त्यांच्या रचनांत रसिकांना आजही सापडतात.

भैरवीचा विषय निघालाच होता म्हणून मावशींनी केसरबाई केरकरांचा उल्लेख केला. १९७७ साली अमेरिकेने जी दोन व्हॉयेजर याने सोडली त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. ‘‘आमच्या केरीची बाई सूर्यमालेबाहेर गेली,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘आणि पहिल्यालाच भैरवी म्हणून! आता पुढं कोण गाणार?’’ याच वर्षी, १९७७ सालच्या सप्टेंबरात, केसरबाई गेल्या. मावशींनी नंतर मोगूबाईंच्या कुर्डीचीही गोष्ट सांगितली. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले ते गाव उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, आणि विस्थापित माणसे त्या काही दिवसांत देवळाला आणि खुरसाला भेट देऊन येतात. ‘‘गाव बुडला तरी गाणं बुडलं नाही, हे खरं. पण गाव बुडला हेही खरं,’’ असे त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

रागाच्या वेळेवरून मात्र थोडी खडाजंगी झाली. मावशींनी रात्रभर चालणारे सवाई ऐकलेले. रमणबागेच्या पटांगणात सतरंजीवर, शाल पांघरून, मध्यरात्रीचा दरबारी, मग मालकंस, आणि उजाडता उजाडता ललत किंवा तोडी (आपली तोडी!). २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आली. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, एवढेच. त्यामुळे उघड्या मंडपातल्या रात्रभराच्या मैफली संपल्या. अभियंत्यांना यात विशेष नुकसान दिसेना. चेन्नईच्या डिसेंबर हंगामात, त्यांच्या मार्गळी महिन्यात, सभांची मैफल अडीच-तीन तासांची. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास माणसे घरी. रागाला घड्याळाशी इतके बांधून ते घालत नाहीत. ‘‘राग चांगला गायला की त्याची वेळ होते,’’ ते म्हणाले.

मावशी उसळल्या. ‘‘दहाच्या आत गाऊन दाखवा मालकंस! गातात हो, गातात. पण ऐकणाऱ्याच्या अंगात मध्यरात्र कुठून आणायची?’’

मला दोघांचेही पटत होते आणि आजही पटते. शेजारच्या आजारी माणसाला झोप मिळाली पाहिजे याबद्दल वाद नाही. पण उत्तररात्रीचे राग आता पुष्कळ तरुणांनी फक्त ध्वनिमुद्रणातच, बहुधा दुपारी, ऐकलेले असतात. आमच्या महाविद्यालयातल्या संगीताच्या मुलांना मी विचारले तेव्हा प्रत्यक्ष मैफलीत ललत ऐकलेला एकही हात वर आला नाही. दक्षिणेतल्या श्रोत्याला या नियमाने ओरखडा उठला नाही आणि आपल्या श्रोत्याचा प्रहरच्या प्रहर गेला.

श्रोत्यांच्या सवयींबद्दल पुष्कळ गमतीचे बोलणे झाले, ते थोडक्यात सांगतो. चेन्नईचा श्रोता मांडीवर हाताने ताल धरून बसतो आणि गायकाची एखादी मात्रा घसरली तर आधी त्यालाच कळते. तिथल्या सभांची उपाहारगृहे गायकांइतकीच नामांकित. पुण्याचा श्रोता समेवर मान हलवतो, थर्मासमधला चहा पितो आणि कोणता राग होता त्याची शेजाऱ्याशी पैज लावतो. धारवाडचा श्रोता, त्या गृहस्थांच्या म्हणण्यानुसार, काहीच करत नाही. ‘‘गप बसतो बघा. घरी जाऊन बायकोला सांगतो, आज गाणं झालं. बास.’’

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. आदर्कीचा घाट चालला होता. बोलण्याच्या ओघात मी ‘‘आमच्या भीमसेनांनी’’ असे काहीतरी म्हणालो. धारवाडचे गृहस्थ हसतमुख, पण तिथे त्यांनी चष्मा काढून पुसला.

‘‘सर, भीमसेन तुमचे कसे ओ?’’

आमच्या सीमाभागात हा प्रश्न साधा नसतो. त्याच्या मागे साठ-सत्तर वर्षांचे मोर्चे, पाट्या आणि न्यायालये उभी असतात. मी सावरून घेत म्हणालो की पुणे त्यांचे घर, सवाई महोत्सव १९५३ पासून त्यांनीच वाढवला, अभंग त्यांनी घराघरांत नेला. ते सगळे त्यांना मान्य होते. ‘‘ते खरं. पण जन्म गदगच्या बाजूचा, गुरू कुंदगोळचे. मनसूर, गंगूबाई, राजगुरू, सगळे आमच्याकडचे. तुम्ही ऐकलात, आम्ही पिकवलं.’’

‘‘आणि बी कुणाचं?’’ मावशींनी मध्येच विचारले.

या एका प्रश्नावर लोणंदपर्यंत चर्चा चालली. तिचा सारांश असा. किराणा घराणे ज्या गावाच्या नावाचे, ते कैराना यमुनेच्या बाजूला, उत्तर प्रदेशात. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तिथले. ते दक्षिणेकडे आले, १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, आणि स्थायिक झाले ते मिरजेत. म्हैसूर दरबारचे बोलावणे गायकाला मोठे. मुंबई-पुण्याकडून म्हैसुरास जाताना हुबळी-धारवाड वाटेवर. गायक उतरत, मुक्काम करत, गात, आणि कधी शिकवत. मिरज जंक्शनवर कित्येक वर्षे रुंद रुळांची गाडी सोडून मीटरमापी गाडीत बसावे लागे. माणूस गाडी बदलण्यासाठी थांबला की ओळखी होतात. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, घरची भाषा कानडी, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून ‘सवाई गंधर्व’ झाले. गंगूबाई हनगल त्यांच्याकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात-येत. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या गायिका, इतक्या चांगल्या की खाँसाहेब त्यांचे गाणे ऐकायला येत. मुलीच्या हिंदुस्थानी गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्या माउलीने स्वतःचे गाणे बंद केले.

भीमसेनांची गोष्ट तर रेल्वेचीच गोष्ट आहे. अकरा वर्षांचा मुलगा १९३३ च्या सुमारास गुरूच्या शोधात घर सोडतो, तिकिटाशिवाय, डब्यात गाणी म्हणून उतारूंना खूश करत ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधरपर्यंत भटकतो. जालंधरला विनायकराव पटवर्धन त्याला सांगतात की तुझा गुरू तुझ्या घराजवळ कुंदगोळला आहे, परत जा. म्हणजे उभा देश पालथा घालून मुलगा आला तो घरापासून एका तालुक्याच्या अंतरावर. आणि तिथे जे शिकला ते कैरान्याचे गाणे.

खाँसाहेबांचा शेवटही प्रवासातच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीकडे जात असताना सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. कुंभकोणमच्या गृहस्थांना हे स्थानक रोजच्या ओळखीचे, लहानपणापासून गाडीतून पाहिलेले. त्यांना ही हकीकत ठाऊक नव्हती. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी उतरेन.’’

मी माझ्या टिपणांत ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर-अत्रौली, भेंडीबाजार अशी नावे लिहून प्रत्येकासमोर ‘प्रदेश’ असा रकाना केला होता. तो रकाना भरता येत नाही. ग्वाल्हेरचे गाणे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) तिकडे जाऊन शिकून मिरज-इचलकरंजीस आणले; त्यांच्या शिष्याने, विष्णु दिगंबर पलुसकरांनी, तेच गाणे १९०१ साली लाहोरला विद्यालय काढून पुन्हा उत्तरेत पोचवले. अल्लादिया खाँ राजस्थानातून कोल्हापूरला आले आणि त्यांचे गाणे गोव्याच्या गळ्यांत उतरले. भेंडीबाजार घराण्याचे मूळ पुरुष मुरादाबादेकडचे. घराण्याचे नाव म्हणजे गाणे जिथून निघाले त्या स्थानकाचे नाव. उतरले कुठे ते त्यावरून कळत नाही. म्हणून प्रादेशिकता खोटी असेही मी म्हणणार नाही. कैरान्यात राहिले असते तर ते गाणे तसेच राहिले असते काय? खाँसाहेबांच्या सरगमेत आणि त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या त्यागराजांच्या कृतीत दक्षिणेची हवा लागलेली स्पष्ट दिसते. माती आहे, मालकी कुणाची एवढेच ठरत नाही.

नीरेनंतर अभियंत्यांनी आणखी एक धक्का दिला. तमिळ मुलखात आज हरिकथा म्हणून जो प्रकार चालतो त्याला वळण लावणारे तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) हे मराठी कीर्तनकारांची कीर्तने ऐकून घडले. साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ कथेत त्यांनी रुजवले. ‘‘आमच्या आजीला साकी हा मराठी शब्द आहे हे माहीतच नव्हतं. तिला वाटे, तो संगीताचा शब्द,’’ ते म्हणाले. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी इतकी वर्षे साकी-दिंडी शिकवतो, त्या कावेरीकाठी नांदत आहेत हे मला गाडीत कळावे!

जेजुरीचा गड दिसू लागला तेव्हा मी खिशातला कागद काढला. कानडी वाचणारा माणूस समोर बसलेला असताना तो इतका वेळ का काढला नाही, याचे खरे उत्तर असे की ‘‘तुमचे कसे ओ’’ या प्रश्नानंतर मला तो काढायचा संकोच वाटत होता. माझी आई धारवाडकडची. लग्न होऊन मिरजेला आली, मराठी शिकली, आणि आमच्या घरात कानडी बोलणे बंद झाले. कोणी बंद केले असे नाही, झाले. ती स्वयंपाकघरात एकटी असली की कानडी पदे गुणगुणायची. मी शाळेत असताना, सीमाप्रश्नाच्या सभा ऐकून येणारा मुलगा, एकदा तिला म्हणालो होतो, ‘‘मराठीत म्हण की.’’ ती हसली होती. त्यानंतर मी घरात असताना ती म्हणायची नाही. तंबोरा कपाटावर कधी गेला ते मला आठवत नाही.

धारवाडच्या गृहस्थांनी कागद उजेडात धरला. ‘‘पुरंदरदासांचं पद. ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’. खाली स्वर लिहिलेत.’’ आणि ते हलक्या आवाजात म्हणू लागले. भीमसेनांनी जी चाल प्रसिद्ध केली ती. दोन ओळी झाल्या नाहीत तोच अभियंत्यांनी मान हलवली आणि आपल्या चालीत, मध्यमावतीत, तेच पद सुरू केले. मावशींनाही ते पद ठाऊक होते, कानडी शब्दांचा अर्थ न कळता. त्यांनी धारवाडच्या चालीला हाताने ताल धरला. पण कागदावरचे स्वर दोघांपैकी कोणाशीच जुळत नव्हते. गृहस्थांनी एकेक स्वर बोट ठेवून वाचला. ती तिसरीच चाल होती, आणि मी ती ओळखली. स्वयंपाकघरातून यायची तीच.

गाडी त्या वेळी पुरंदर तालुक्यातून जात होती. पुरंदरदास मूळचे याच पुरंदरचे असे एक मत आहे. कर्नाटकातलेच, मलनाडातले असे दुसरे. त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी मुद्रा येते ती मात्र पंढरीच्या विठ्ठलाची. धारवाडच्या गृहस्थांनी खिडकीबाहेर पाहिले, माझ्याकडे पाहिले. ‘‘आता यांनाही तुमचे म्हणणार काय ओ?’’ पण या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही. मावशींनी पुढे केलेल्या डब्यातला लाडू उचलला.

कागदाच्या कोपऱ्यात आणखी दोन शब्द होते, तेही त्यांनी वाचून दाखवले आणि मी वहीत देवनागरीत उतरवून घेतले. शिंदवण्याचा घाट उतरून पुणे आले. अभियंत्यांनी तंबोरा खाली उतरवायला मदत केली, मावशींना धारवाडकरांनी हात दिला. मंडपात भेटू असे ठरले आणि त्या गर्दीत अर्थातच कोणी कोणाला सापडले नाही.

त्या संध्याकाळी भाचीने गवसणी काढली, तंबोरा मांडीवर घेतला आणि विचारले, ‘‘मामा, आजी कोणत्या पट्टीत गायची?’’ चाळीस वर्षे एका घरात राहून मी हे कधी विचारलेले नव्हते. वही उघडून सांगितले, ‘‘काळी चार.’’ तिने पेटीवर स्वर धरला आणि खुंटी पिळायला सुरुवात केली.